यंत्र ॲपची सगळी बटणे दाबून पाहते, मग मराठी फोनवरच ॲप का पडते?

मोबाइल ॲप बाजारात येण्याआधी त्याची चाचणी आता मोठ्या प्रमाणात यंत्रे करतात. ही यंत्रे नेमके काय करतात, त्यांना काय दिसते आणि तुमच्या-आमच्या फोनवरील चुका त्यांच्या नजरेतून कशा सुटतात, याचा हा आढावा.

समजा, दूध संकलन केंद्रासाठी एक ॲप आहे. लिटर आणि दर टाकला की रक्कम दिसते. साडेबारा लिटर, दर ३४ रुपये, रक्कम ४२५ रुपये. फोन इंग्रजीत असेल तर हे ॲप महिनोन् महिने व्यवस्थित चालते. हिंदीत असेल तरी चालते. मग कोणी तरी फोनची भाषा मराठी करतो, तेच आकडे टाकतो, ‘जतन करा’ दाबतो आणि ॲप धाडकन बंद पडते.

हे ॲप काल्पनिक आहे, पण हा दोष खरा आहे आणि अँड्रॉइड प्रोग्रॅमरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. कोणत्या भाषेत तारीख कशी लिहायची, अंक कोणते वापरायचे, याची माहिती युनिकोड संस्थेच्या ‘कॉमन लोकेल डेटा रिपॉझिटरी’ या साठ्यातून अँड्रॉइडला मिळते. या साठ्यात हिंदीसाठी ठरलेले अंक इंग्रजी आहेत. मराठीसाठी मात्र देवनागरी. त्यामुळे प्रोग्रॅमरने भाषा स्पष्टपणे न सांगता ‘ही रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत लिही’ असे सांगितले, की मराठी फोन ती देवनागरी अंकांत लिहितो. पुढच्या पायरीवर प्रोग्रॅम तोच मजकूर पुन्हा संख्या म्हणून वाचू लागतो. दशांश संख्या वाचणारी जावामधील नेहमीची सूचना फक्त इंग्रजी अंक ओळखते. समोर देवनागरी ‘४२५.००’ दिसताच ती हात वर करते आणि ॲप कोसळते. गंमत म्हणजे पूर्णांक वाचणारी सूचना देवनागरी अंक ओळखते. त्यामुळे एक स्क्रीन चालते, दुसरी पडते आणि वापरणाऱ्याला वाटते, ‘आपलाच फोन जुना झाला.’

प्रश्न असा की, ॲपची सगळी बटणे दाबून पाहणारी यंत्रे आज उपलब्ध असताना ही चूक बाजारापर्यंत पोहोचते कशी?

चाचणीसाठी यंत्र लागतेच कशाला?

साधा हिशेब करू. एखाद्या ॲपच्या प्रत्येक स्क्रीनवर दाबण्यासारख्या दहा जागा आहेत असे धरले, तर एका पायरीत दहा शक्यता होतात, दोन पायऱ्यांत शंभर आणि सहा पायऱ्यांत दहा लाख. सेकंदाला एक बटण या वेगाने हे सगळे मार्ग तपासायचे तर अखंड सुमारे ६९ दिवस लागतील. तेही एकाच फोनवर, एकाच भाषेत आणि नेटवर्क सुरळीत असताना. स्क्रीनचा आकार, अँड्रॉइडची आवृत्ती, कमी मेमरी, मध्येच आलेला फोन, आडवा केलेला मोबाइल हे सगळे धरले तर हा आकडा हाताबाहेर जातो.

पूर्वी यावर एकच उपाय होता. चाचणी करणारा कर्मचारी यादी घेऊन बसायचा. लॉगिन करा, नाव टाका, पुढे जा, बरोबर दिसते का पाहा. पुढे हीच यादी प्रोग्रॅमच्या रूपात लिहून यंत्राकडून चालवून घेण्याची पद्धत आली. ती आजही सर्वत्र वापरली जाते. पण यंत्र यादीबाहेर जात नाही, आणि बटणाची जागा किंवा नाव बदलले की यादी पुन्हा लिहावी लागते. शिवाय यादी लिहिणाऱ्याला जे सुचले नाही, ते कधीच तपासले जात नाही. वापरणारे लोक मात्र नेमके तेच करतात.

म्हणून पुढचा विचार आला. यंत्राला यादी द्यायचीच नाही. त्याला ॲपमध्ये मोकळे सोडायचे, त्याने स्वतः फिरावे, दारे उघडून पाहावीत आणि चाचण्याही स्वतःच तयार कराव्यात. यालाच स्वयंचलित शोध आणि चाचणीनिर्मिती म्हणतात.

सुरुवात कुठून झाली?

एका ‘माकडा’पासून. १९८३ मध्ये ॲपल कंपनीत पहिल्या मॅकिंटॉश संगणकाची तयारी सुरू होती. मेमरी होती अवघी १२८ किलोबाइट. मॅकराइट आणि मॅकपेंट हे प्रोग्रॅम या टिचभर जागेत चालवताना मेमरी संपण्याच्या बेताला काय होते, हे तपासणे अवघड जात होते. स्टीव्ह कॅप्स या प्रोग्रॅमरने त्यासाठी ‘मंकी’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो माऊस कुठेही हलवायचा, कुठेही दाबायचा, काहीही टाइप करायचा. जणू एखादे माकड संगणकासमोर बसले आहे.

माकडाची एक अडचण लगेच लक्षात आली. फिरता फिरता ते मेन्यूतील ‘क्विट’ दाबायचे आणि प्रोग्रॅम बंद करून मोकळे व्हायचे. त्यावर बिल ॲटकिन्सन यांनी तोडगा सुचवला. माकड चालू आहे हे सांगणारी ‘मंकीलिव्ज’ नावाची एक खूण संगणकात ठेवायची. ती खूण दिसली की प्रोग्रॅमने ‘क्विट’सारखे पर्याय निष्क्रिय करायचे.

पाच वर्षांनंतर हाच विचार वेगळ्या वाटेने पुढे आला. १९८८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर वादळी रात्री घरून टेलिफोन लाइनवरून विद्यापीठाचा संगणक वापरत होते. लाइनमधील खरखरीमुळे मजकुरात भलतीच अक्षरे घुसत होती आणि युनिक्सचे प्रोग्रॅम कोसळत होते. मिलर यांनी हाच विषय विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिला. युनिक्सच्या नेहमीच्या प्रोग्रॅमना मुद्दाम वाट्टेल ती अक्षरे खाऊ घातली गेली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्कादायक होता. तपासलेल्या प्रोग्रॅमपैकी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश प्रोग्रॅम पडले किंवा अडकले.

तुमच्या फोनमध्येही ते माकड आहे का?

जवळजवळ आहेच. अँड्रॉइडच्या विकासकांसाठी असलेल्या साधनांमध्ये ‘मंकी’ याच नावाचा प्रोग्रॅम आहे. संगणकाला फोन जोडून एका ओळीची आज्ञा दिली की तो सांगितलेल्या ॲपवर शेकडो, हजारो स्पर्श, सरकवणी आणि कळदाबी सोडतो. ॲप कोसळले की तो थांबतो आणि कुठे काय झाले याची नोंद देतो. ॲप प्रतिसादच देईनासे झाले तरीही थांबतो. स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळाले नाही, तर अँड्रॉइड ॲपला ‘प्रतिसाद देत नाही’ असे ठरवते. ‘थांबा’ की ‘बंद करा’ असे विचारणारी ती चौकट तुम्ही पाहिली असेल.

हे माकड वाटते तितके बेभान नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा देता येतो. तोच आकडा पुन्हा दिला की ते त्याच क्रमाने तीच बटणे दाबते. त्यामुळे एकदा सापडलेला क्रॅश पुन्हा घडवून पाहता येतो. विकासकाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे, कारण पुन्हा दिसत नसलेली चूक दुरुस्त करणे जवळपास अशक्य असते.

मॅकिंटॉशमधील ती खूणही इथे टिकून आहे. ‘सध्या वापरणारा माणूस आहे की माकड?’ हे विचारण्याची सोय अँड्रॉइडने ॲपला दिली आहे. उत्तर ‘माकड’ असे आले तर ॲपने खरा फोन लावू नये, खरे पैसे पाठवू नयेत, माहिती पुसू नये, असा त्यामागचा हेतू. बँक किंवा खरेदीचे ॲप अशा यंत्राच्या हाती देताना वेगळे चाचणी-खाते आणि खोटे पैसे वापरतात, तेही याच कारणासाठी.

यंत्र स्क्रीन ‘पाहते’ कसे?

मंकी काहीच पाहत नाही. तो आंधळेपणाने दाबतो. रिकाम्या जागी बोट टेकवण्यातच त्याचे पुष्कळ श्रम वाया जातात. त्यानंतर आलेली साधने आधी स्क्रीन वाचतात. बटण कुठे आहे, कुठे लिहिता येते, यादी खाली सरकते का, याचा आराखडा त्यांना अँड्रॉइडकडून मिळतो. हा आराखडा बव्हंशी तोच असतो, जो दृष्टिहीन व्यक्तींना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या ‘टॉकबॅक’ला मिळतो.

यातून एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट निघते. बटणाला नाव दिलेले नसेल, नुसते चित्र चिकटवलेले असेल, तर दृष्टिहीन माणूस आणि चाचणीचे यंत्र दोघेही एकाच ठिकाणी अडकतात. गेमसारख्या ॲपमध्ये सगळी स्क्रीन म्हणजे एक मोठे चित्र असते. तिथे या पद्धतीला फारसे काही हाती लागत नाही.

आराखडा मिळाला की यंत्र नकाशा काढू लागते. जुन्या वाड्यात पहिल्यांदा शिरलेल्या पाहुण्याची कल्पना करा. प्रत्येक स्क्रीन ही खोली आणि प्रत्येक बटण हे दार. कोणत्या दारातून कोणत्या खोलीत गेलो, कोणती दारे उघडायची राहिली, हे यंत्र लिहून ठेवते आणि न उघडलेल्या दारांकडे वळते. गुगलच्या फायरबेस टेस्ट लॅबमधील ‘रोबो टेस्ट’ साधारण असेच फिरते. विकासकाने प्ले स्टोअरच्या चाचणी विभागात ॲप चढवले की गुगलचे यंत्र ते काही मिनिटे निरनिराळ्या फोनवर चालवते आणि ‘प्री-लाँच रिपोर्ट’ देते. त्यात क्रॅश तर असतातच. शिवाय बोटाला सापडणार नाहीत इतकी लहान बटणे, पार्श्वभूमीत हरवलेली फिकट अक्षरे आणि नाव नसलेली बटणे यांचीही नोंद असते.

वाड्यातील काही दारांना कुलूप असते. लॉगिन, ओटीपी, ‘मी यंत्रमानव नाही’ अशी खूण, ओळखपत्राचा फोटो. किल्ली दिली नाही तर यंत्र ओसरीवरच फेऱ्या मारत बसते. अहवालात ‘क्रॅश सापडला नाही’ असे येते, ते खरेही असते, कारण यंत्र आत गेलेलेच नसते.

मग हुशार यंत्रांनी माकडाला मागे टाकले का?

इतके सोपे झाले नाही. २०१५ मध्ये शौविक रॉय चौधरी, अलेस्सांड्रा गोर्ला आणि अलेस्सांड्रो ओर्सो या संशोधकांनी तोपर्यंतची अशी साधने ६८ अँड्रॉइड ॲपवर चालवून पाहिली. नकाशा काढणारी, गणित मांडणारी साधने रांगेत होती. ॲपचा किती कोड चालवून झाला आणि किती बिघाड सापडले या दोन्ही बाबतींत सरासरीने आघाडीवर राहिला तो साधा मंकी. कारण व्यवहाराचे होते. हुशार साधने प्रत्येक पावलाआधी विचार करण्यात वेळ घालवत होती. मंकी तेवढ्या वेळात शेकडो बटणे दाबत होता.

चित्र पालटू लागले ते पुढच्या वर्षी. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे के माओ, मार्क हार्मन आणि यू जिया यांनी ‘सॅपिएन्झ’ हे साधन मांडले. त्यात उत्क्रांतीची कल्पना वापरली आहे. बटणे दाबण्याचे अनेक क्रम सुरुवातीला यादृच्छिक तयार होतात. त्यातील चांगले क्रम निवडून त्यांची सरमिसळ करून पुढची पिढी घडवली जाते. चांगले ठरवण्याच्या कसोट्या तीन : जास्त कोड चालवणे, जास्त बिघाड सापडणे आणि पायऱ्या कमी असणे. तिसरी कसोटी वरकरणी किरकोळ वाटते, पण विकासकासाठी तीच मोलाची. ‘दहा हजार वेळा दाबल्यावर ॲप पडले’ या माहितीचे तो काय करणार? ‘प्रोफाइल उघडा, फोटो काढून टाका, मागे जा’ एवढेच सांगितले तर तो त्याच दिवशी चूक शोधू शकतो.

प्ले स्टोअरवरील एक हजार लोकप्रिय ॲपवर सॅपिएन्झ चालवले, तेव्हा आधी माहीत नसलेले ५५८ वेगवेगळे क्रॅश सापडले. २०१७ मध्ये हा चमू फेसबुकमध्ये गेला आणि सप्टेंबर २०१७ पासून तिथे सॅपिएन्झ रोजच्या कामात आले. कंपनीने २०१८ मध्ये सांगितल्यानुसार त्याच्या सुमारे ७५ टक्के अहवालांवरून प्रत्यक्ष दुरुस्ती झाली. त्याच वर्षी ‘सॅपफिक्स’ हे जोडसाधन आले. ते दुरुस्तीही स्वतःच सुचवते. मात्र शेवटची मंजुरी अभियंत्याचीच.

एआय आल्याने काय बदलले?

कुलपाच्या किल्ल्या मिळू लागल्या. माकडाला दहा अंकी मोबाइल क्रमांकाची चौकट दिसली तर ते तिथे ‘कखग?७’ असे काहीही टाकते आणि अर्ज पुढे सरकत नाही. मोठ्या भाषा-प्रारूपाला स्क्रीनवरील मजकूर दिला, की ‘पिनकोड’ या शब्दापुढे ४११०३० टाकावे आणि ‘जाण्याची तारीख’ ही ‘परतीच्या तारखे’च्या आधीची असावी, हे त्याला उमगते.

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या २०२४ च्या ‘आयसीएसई’ या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलेले ‘जीपीटीड्रॉइड’ हे त्याचे उदाहरण. हे साधन स्क्रीनचे वर्णन भाषा-प्रारूपाला सांगते, ‘आता काय करू?’ असे विचारते आणि मिळालेले उत्तर फोनवर करून दाखवते. आधी काय झाले, कोणत्या सोयी तपासून झाल्या, हेही ते सोबत सांगते. ९३ ॲपवरील चाचणीत आधीच्या सर्वोत्तम साधनापेक्षा ते ३२ टक्के अधिक स्क्रीनपर्यंत पोहोचले. प्ले स्टोअरवरील ॲपमध्ये त्याला ५३ नवे दोष सापडले आणि त्यापैकी ३५ विकासकांनी मान्य करून दुरुस्त केले.

याची किंमतही आहे. प्रत्येक पावलाला प्रारूपाला विचारायचे तर वेळ आणि पैसा लागतो. तेच ॲप पुन्हा दिले तर प्रारूप दुसऱ्याच वाटेने जाऊ शकते. म्हणून चाचणी करणाऱ्यांकडे दोन्ही असतात. रात्रभर बटणे झोडपणारे स्वस्त माकड आणि अडलेल्या दाराशी बोलावले जाणारे महागडे डोके.

एवढे सगळे असताना चुका का सुटतात?

कारण दारे उघडणे हा अर्धाच भाग झाला. आत दिसले ते बरोबर आहे का, हे कोण सांगणार? संगणकशास्त्रात याला ‘ओरॅकल’ची समस्या म्हणतात. ओरॅकल म्हणजे कौल देणारी देवता. कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला कौल लावतात, उजवा आला की हो, डावा आला की नाही. चाचणीलाही असाच कोणी तरी कौल द्यावा लागतो : हे उत्तर बरोबर, ते चूक.

यंत्राला फुकटात मिळणारा कौल एकच. ॲप पडले किंवा अडकले, म्हणजे चूक. म्हणून या साधनांच्या यशाचे आकडे मुख्यतः क्रॅशचेच असतात. पण दुधाच्या ॲपने ४२५ ऐवजी ४२.५ रुपये दाखवले, तर यंत्राच्या लेखी सगळे आलबेल आहे. स्क्रीन उघडली, आकडा आला, पुढे चला.

मराठी अंकांच्या चुकीचेही असेच एक गुपचूप रूप आहे. ॲप पडत नाही. ते सभासद क्रमांक देवनागरी अंकांत लिहून सर्व्हरला पाठवते. सर्व्हरवरील नोंद इंग्रजी अंकांत असते. दोन्ही जुळत नाहीत आणि स्क्रीनवर नम्रपणे ‘नोंद आढळली नाही’ असे येते. यंत्राला हे उत्तर योग्यच वाटते, कारण काही वेळा नोंद खरोखरच नसते. खिडकीसमोर उभ्या असलेल्या सभासदालाच ठाऊक असते की आपली नोंद आहे.

यावर एक चतुर उपाय आहे. बरोबर उत्तर माहीत नसले तरी दोन उत्तरांतील नाते माहीत असू शकते. टी. वाय. चेन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला ‘मेटामॉर्फिक टेस्टिंग’ म्हणतात. तीच बटणे त्याच क्रमाने एकदा इंग्रजी फोनवर आणि एकदा मराठी फोनवर दाबा. रक्कम किती यावी हे यंत्राला कळत नसले, तरी दोन्हीकडे ती सारखीच यायला हवी आणि नोंदीही तेवढ्याच दिसायला हव्यात. तसेच फोन आडवा करून पुन्हा उभा केला तर अर्जात भरलेली माहिती जशीच्या तशी राहायला हवी. फोन आडवा झाला की अँड्रॉइड ती स्क्रीन एरवी मोडून नव्याने उभी करते. विकासकाने काळजी घेतली नसेल, तर भरलेला अर्ज रिकामा होतो. ॲप पडत नाही, फक्त तुमची वीस मिनिटे जातात.

मराठी फोन चाचणीत कधी येतो?

कोणी तरी निवडला तरच. इथेच सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. यंत्र हजारो मार्ग फिरेल, पण ज्या जगात सोडले त्याच जगात. फोनची भाषा इंग्रजी ठेवून महिनाभर माकड नाचवले, तरी देवनागरी अंकांचा क्रॅश दिसणार नाही. मराठी निवडून ‘जतन करा’ या बटणापर्यंत एकदा पोहोचले, तर पहिल्याच फेरीत दिसेल. फरक यंत्राच्या बुद्धीत नाही. यादीतून भाषा निवडणाऱ्या माणसात आहे.

ही निवड अवघड नाही. रोबो टेस्ट आणि प्री-लाँच रिपोर्ट या दोन्हींत भाषा ठरवता येते. कोड लिहितानाच अशी जागा दिसली, तर अँड्रॉइडचे ‘लिंट’ हे तपासणी-साधन इशारा देते. भाषांतर तयार नसतानाही अँड्रॉइडमधील ‘बनावट भाषा’ वापरता येते. ती इंग्रजी मजकुरालाच वेडीवाकडी चिन्हे लावून लांब करते. मग बटणाबाहेर गेलेला किंवा अर्धवट कापलेला मजकूर लगेच दिसतो. ‘सेव्ह’ या दोन अक्षरांसाठी आखलेल्या बटणात ‘जतन करा’ मावते का, हे अशा वेळी कळते.

पण बनावट भाषेत जोडाक्षरे नसतात. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ नीट उमटला का, वरचा अनुस्वार वरच्या ओळीला चिकटून कापला गेला का आणि ‘रद्द करा’ या बटणाने अर्ज रद्द होतो की नुसती चौकट बंद होते, याचा कौल मराठी वाचणाराच देऊ शकतो.

खुद्द गुगलनेही माणसांना बाजूला केलेले नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक विकासक खात्यांसाठी एक अट आहे. ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी ठरावीक माणसांनी ते सलग १४ दिवस बंदिस्त चाचणीत ठेवले पाहिजे. सुरुवातीला ही संख्या २० होती, पुढे ती १२ वर आणली गेली. जगातील सर्वांत मोठ्या चाचणी-यंत्रणांपैकी एक हाताशी असलेली कंपनीही किमान डझनभर माणसे मागते, यातच बरेच काही आले.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या फोनवर ॲप पडले तर ‘बेकार ॲप’ असा एक तारा देऊन विकासकाच्या हाती काही लागत नाही. सॅपिएन्झची तिसरी कसोटी आठवा : कमी पायऱ्या, नेमक्या पायऱ्या. तक्रारीत पुढील गोष्टी लिहिल्या तर ती यंत्राच्या अहवालाइतकीच उपयोगी पडते.

• कोणत्या स्क्रीनवरून सुरुवात केली आणि क्रमाने काय दाबले.

• काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले. हा तुमचा कौल; यंत्राकडे नेमका हाच नसतो.

• फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि ॲपची आवृत्ती.

• फोनची भाषा. मराठी असेल तर ते आवर्जून लिहा. भाषा तात्पुरती इंग्रजी करून तेच करून पाहा. तेव्हा ॲप चालले, तर तुम्ही विकासकाचे निम्मे काम केलेले असते.

• स्क्रीनचे चित्र पाठवताना खाते क्रमांक, ओटीपी आणि आधार क्रमांक झाका.

• पैशांच्या व्यवहारात ॲप अडकले, तर पुन्हा ‘पाठवा’ दाबण्याआधी खात्याची नोंद तपासा.

नेहमी वापरत असलेल्या ॲपचा प्ले स्टोअरवर ‘बीटा’ कार्यक्रम खुला असेल, तर त्यात नाव नोंदवता येते. नवी आवृत्ती आधी मिळते आणि सूचना थेट विकासकाकडे जातात. मात्र बीटा आवृत्तीत चुका असणारच, त्यामुळे ज्या ॲपवर रोजचे व्यवहार अवलंबून आहेत ते शक्यतो टाळावे.

आणि तुमच्या ओळखीत कोणी ॲप बनवत असेल, गावच्या संस्थेचे, दुकानाचे, शाळेचे, तर त्याला एकच काम सांगा. चाचणीच्या फोनची भाषा एकदा मराठी कर आणि रक्कम भरण्याच्या स्क्रीनपर्यंत जाऊन ये. त्याला फार तर पाच मिनिटे लागतील.